रेडिएटरवरचे वॉट आणि मावशीची खोली

तंजावूरहून बोलतोय. बाहेर मे महिना आहे, दुपारचे तीन वाजलेत, पंखा फिरतोय तो नुसता गरम हवा ढवळायला. आणि आजचा आपला विषय आहे घर गरम करणारे रेडिएटर. हसू नका. मी पोटापाण्यासाठी इमारतींची ऊर्जा-मॉडेलं करतो. कामं येतात ती बरीचशी थंड देशांतली. त्यामुळे ज्याने आयुष्यात एकदाही स्वतःच्या घरात रेडिएटर चालू केला नाही, असा माणूस रोज दहा-वीस रेडिएटर कॉम्प्युटरवर चालू-बंद करत असतो. आमच्या गावात असे बरेच निघतील.

आज सांगणार आहे ते गिऱ्हाइकाच्या कामातलं नाही, घरातलं आहे. माझी मावसबहीण इंग्लंडात लीड्सला असते. तिच्या घरात गॅस बॉयलर होता, तो काढून हवेतून उष्णता घेणारा हीट पंप बसवायचं तिने ठरवलं. तिकडचं सरकार त्यासाठी साडेसात हजार पौंडांचं अनुदान देतं, ऑक्टोबर २०२३ पासून तेवढं झालं, आधी पाच हजार होतं. पंप बसवणाऱ्याने घर पाहिलं आणि सांगितलं, नऊच्या नऊ रेडिएटर बदलावे लागतील. तो खर्च ऐकून तिने मला फोन केला. "अण्णा, तू हेच करतोस ना? खरंच सगळे बदलायला लागतील का, एवढं सांग."

मी एकदा "हो" म्हटलं, मग दोन आठवड्यांनी "नाही" म्हटलं, आणि दोन्ही वेळा चुकलो. का चुकलो ते सांगण्यासाठी हा भाग.

आधी रेडिएटर म्हणजे काय ते पाहू, कारण आपल्याकडे रेडिएटर म्हटलं की गाडीचा आठवतो. घरातला रेडिएटर म्हणजे भिंतीला, बहुतेक वेळा खिडकीखाली लावलेली पोकळ लोखंडी पाटी. आतून गरम पाणी फिरतं. पाटी तापते आणि दोन वाटांनी खोलीला उष्णता देते. एक वाट झळीची: चुलीसमोर बसलं की तोंडाला जी लागते ती, मधली हवा गरम असो नसो. तिला प्रारण म्हणतात. दुसरी वाट हवेची: पाटीला लागून असलेली हवा तापते, वर चढते, खालून थंड हवा येते, असा फेरा चालू राहतो. त्याला अभिसरण म्हणतात. नावात 'रेडिएट' असलं तरी आजकालच्या दुपदरी, मध्ये पन्हळी पत्रे लावलेल्या रेडिएटरची पाऊण उष्णता हवेच्या वाटेनेच जाते. साध्या एकपदरी पाटीत दोन्ही वाटा साधारण निम्म्या-निम्म्या.

तंजावूरच्या माणसाला प्रारण शिकवावं लागत नाही. बृहदीश्वराच्या आवारात भोसल्यांच्या वंशाचा तो मोठा मराठी शिलालेख आहे ना, १८०३ सालचा, सरफोजींच्या काळातला, तो उन्हाळ्यात संध्याकाळी वाचायला उभे राहून बघा. सूर्य गेलेला असतो, वाऱ्याची झुळूक येत असते, तरी दगडाला हात न लावता चेहऱ्याला ऊब कळते. आणि एवढं लांब कशाला जायचं? रात्री अकरा वाजता गच्चीखालच्या खोलीत झोपा. दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या स्लॅबची खालची बाजू त्या वेळी चाळीस अंशांच्या आसपास असते, भिंती समजा तेहतीस. प्रारणाचा ढोबळ हिशेब असा: दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला सहा वॉट. फरक सात अंश, म्हणजे बेचाळीस वॉट. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे अकरा चौरस मीटर. झाले पावणेपाचशे वॉट. म्हणजे तुमच्या डोक्यावर अर्ध्या किलोवॉटचा रेडिएटर टांगलेला आहे, तोही कुणी न मागता. आणि तो जवळजवळ पूर्ण प्रारणाचा, कारण छताला लागून तापलेली हवा वरच राहते, खाली येत नाही. म्हणून पंखा लावून उपयोग होत नाही असं वाटतं. जुन्या घरांतलं मद्रास टेरेस, म्हणजे सागवानी कड्यांवर उभ्या विटा, वर चुना आणि विटांच्या तुकड्यांचा जाड थर आणि त्यावर पातळ विटा, ते या बाबतीत बरंच सोसणारं होतं. ते पाडून आपण स्लॅब टाकले. असो, तो वेगळा भाग होईल.

आता लीड्सला परत जाऊ.

रेडिएटरच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येकापुढे एक आकडा असतो, वॉटमध्ये. बहिणीच्या मागच्या बेडरूममधल्या रेडिएटरचा आकडा होता १५००. तिने विचारलं, "पंधराशे वॉट म्हणजे खोलीला पुरेल ना?" आणि इथेच थांबायला हवं. पंधराशे वॉट हे अर्धं वाक्य आहे. कुठल्या पाण्याला? कितीच्या खोलीत? युरोपात ईएन ४४२ नावाचं मानक आहे, त्यात ही स्थिती ठरवून दिली आहे: पाणी ७५ अंशांनी आत शिरतं, ६५ अंशांनी बाहेर पडतं, खोली २० अंश. पाण्याची सरासरी ७०, खोलीशी फरक ५०. त्या पन्नासच्या फरकाला १५०० वॉट. याच्या आधी जर्मन मानकात ९०, ७० आणि २० धरायचे, म्हणजे फरक साठचा. तोच रेडिएटर, जुन्या कॅटलॉगात १९०० वॉटचा, नव्यात १५०० चा. लोखंड तेच, प्रश्न बदलला.

हीट पंपाचं पाणी इतकं गरम नसतं. त्याला गरम पाणी करायला लावलं की तो जास्त वीज खातो. पाण्याचं तापमान एक अंश वाढवलं की साधारण दोन-अडीच टक्के. म्हणून ४५ ते ५५ अंशांवर चालवायचा प्रयत्न असतो. इंग्लंडच्या बांधकाम नियमांतही जून २०२२ पासून असं आहे, की नवी गरम पाण्याची यंत्रणा ५५ अंशांच्या किंवा त्याखालच्या पाण्यावर भागेल अशीच आखायची. बहिणीच्या घरी ४५ ठरले. परतीचं पाणी ३९, सरासरी ४२. खोली २१ ठेवायची, तर फरक उरला २१.

फरक पन्नासवरून एकवीसवर आला, म्हणजे बेचाळीस टक्के. मग उष्णताही बेचाळीस टक्के, ६३० वॉट? असं वाटतं खरं. पण नाही. रेडिएटर जितका गरम, तितकी त्याच्या अंगाची हवा जोरात वर चढते. म्हणजे फरक वाढला की एक तर उष्णता ओढणारी हवा जास्त येते, आणि त्या प्रत्येक अंशामागे फरकही जास्त. उलट फरक कमी झाला की दोन्हीकडून मार. म्हणून उष्णता फरकाच्या सरळ प्रमाणात न बदलता फरकाच्या १.३ या घाताने बदलते. कॅटलॉगमध्ये हा घातांक बारीक अक्षरांत दिलेला असतो; पाटीच्या रेडिएटरला १.३ च्या आसपास, जमिनीखालच्या नळ्यांना १.१, पंखे नसलेल्या कन्व्हेक्टरला त्याहून जास्त.

पडद्यावर आकडे दाखवतोय, पुस्तकात वाचणाऱ्यांसाठी बोलूनही सांगतो. पन्नासच्या फरकाला शंभर टक्के धरा. चाळीसला पंचाहत्तर. तीसला एक्कावन्न. पंचवीसला, म्हणजे बरोबर निम्म्याला, एक्केचाळीस. वीसला तीस. आणि आपल्या एकवीसला साडेबत्तीस टक्क्यांच्या जरा खाली. पंधराशेचे उरले ४८६ वॉट.

हे एवढं मला माहीत होतं. कॉलेजात शिकलोय, रोजचं काम आहे. तरी चुकलो, कारण मी हाताने हिशेब केला नाही, सॉफ्टवेअरला विचारलं.

इमारतींच्या ऊर्जेची गणितं करणारा एनर्जीप्लस नावाचा प्रोग्राम आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने करवून घेतला, २००१ मध्ये पहिल्यांदा आला, फुकट आहे, आणि जगभर वापरला जातो. डिझाइनबिल्डरसारखी चकचकीत सॉफ्टवेअरं आतून हाच प्रोग्राम चालवतात. माझा त्यावर राग नाही, माझी भाकरी त्यावरच आहे. पण त्यात रेडिएटर मांडताना काय होतं ते ऐका.

पुष्कळ लोक तर रेडिएटर मांडतच नाहीत. 'आदर्श यंत्रणा' नावाची सोय असते, ती लावली की खोलीला लागेल तेवढी उष्णता हवेतून प्रकट होते. वर्षभराची एकूण गरज काढायला ती ठीक आहे. पण माझ्या बहिणीचा प्रश्न "खोलीला किती उष्णता लागते" हा नव्हता, "आहे हा रेडिएटर तेवढी देईल का" हा होता. आदर्श यंत्रणा त्याला कधीच "नाही" म्हणणार नाही. म्हणून रेडिएटर खराखुरा मांडायला हवा होता, आणि मी मांडला.

एनर्जीप्लसमध्ये त्यासाठी जी वस्तू आहे तिचं नाव रेडिएटर नाही, बेसबोर्ड आहे. अमेरिकेत भिंतीच्या तळाशी लांबलचक चपटे हीटर असतात, ते. नावावरूनच कळायला हवं होतं. तिच्यात रकाने भरायचे: कमाल क्षमता किती वॉट, पाण्याचा प्रवाह किती, प्रारणाचा वाटा किती, आणि एक रकाना, ज्या स्थितीत ही क्षमता मोजली त्या स्थितीतलं पाण्याचं सरासरी तापमान. मी क्षमतेत १५०० लिहिलं, प्रारणाचा वाटा पाव लिहिला, आणि तो तापमानाचा रकाना होता तसाच ठेवला. त्यात आधीपासून ८७.७८ लिहिलेलं असतं.

८७.७८ हा विचित्र आकडा कुठून आला? १९० फॅरेनहाइट. अमेरिकन बेसबोर्डची क्षमता त्या पाण्यावर सांगायचा रिवाज आहे, आणि शेजारी ०.०६३ किलो दर सेकंद हा प्रवाह असतो, तो म्हणजे मिनिटाला एक अमेरिकन गॅलन. खोलीच्या हवेचं तापमान प्रोग्राम आतल्या आत १८ धरतो, ६५ फॅरेनहाइट. तो रकाना तर दिसतही नाही. म्हणजे मी त्याला काय सांगितलं? हा रेडिएटर जवळजवळ सत्तर अंशांच्या फरकाला १५०० वॉट देतो. खरा तर पन्नासलाच देतो. मी बहिणीच्या रेडिएटरला कागदावर दुबळा करून टाकला.

आता खोलीचा हिशेब. मागची बेडरूम, दोन बाहेरच्या भिंती, बाहेर आणि आत एक अंशाचा फरक असला की २६ वॉट बाहेर जातात. बाहेर उणे दोन, आत २१, फरक तेवीस, म्हणजे ५९८ वॉट लागणार. माझ्या दुबळ्या रेडिएटरला दर अंशाला साडेएकवीस वॉट जमत होते. प्रोग्रामने सांगितलं, खोली १७.९ वर थांबेल. बाकीच्या खोल्यांचंही तसंच. हे आकडे मी आज हाताने साधे करून सांगतोय, प्रोग्रामचे पाण्याच्या प्रवाहामुळे थोडे पुढेमागे होतात, पण गोष्ट तीच. पंप बसवणाऱ्याचं म्हणणं आणि माझं उत्तर जुळलं. मी फोन करून सांगितलं, "बदलायला लागतील, सगळे."

जुळणारं उत्तर मिळालं की माणूस तपासत नाही.

दोन आठवड्यांनी दुसऱ्याच एका कामात तो ८७.७८ डोळ्यांत खुपला. लगेच बहिणीचं मॉडेल उघडलं. तिथे ६८ लिहिलं, कारण प्रोग्राम हवा १८ धरतो आणि मला फरक ५० हवा होता. प्रवाहही कॅटलॉगच्या स्थितीचा केला: दहा अंशांच्या उताराला १५०० वॉट, म्हणजे ०.०३६. पुन्हा चालवलं. आता रेडिएटर दर अंशाला तीस वॉट देत होता, एकवीसच्या फरकाला ६३०, गरज ५९८. खोली सुखाने २१. मला इतका आनंद झाला की रात्री, तिकडची संध्याकाळ बघून, फोन केला. "एकही बदलू नकोस." तिचे तेवढे पैसे वाचले म्हणून मावशीने, म्हणजे तिच्या आईने, इथे राममंदिरात नारळ फोडला.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. ६३० हा आकडा आपण मघाशी ऐकला आहे. फरकाच्या सरळ प्रमाणात काढलेला, तोच चुकीचा आकडा.

एनर्जीप्लसचा हा बेसबोर्ड ठरीव स्थितीवरून रेडिएटरची उष्णता देण्याची ताकद एकदा काढतो आणि तीच कायम धरतो. घातांक विचारायला त्यात रकानाच नाही. अमेरिकन पद्धतीने पाणी नेहमी गरमच ठेवणार असाल तर फारसं बिघडत नाही, ठरीव स्थिती आणि खरी स्थिती जवळजवळ असतात. पण ७० च्या सरासरीला मोजलेला रेडिएटर ४२ वर चालवला की प्रोग्राम उष्णता जास्त दाखवतो. किती जास्त? ४८६ च्या जागी ६३०. जवळजवळ तीस टक्के. म्हणजे माझ्या पहिल्या मॉडेलात दोन चुका होत्या, एक रेडिएटरला दुबळा करणारी, एक बळकट करणारी, आणि त्या एकमेकींना बऱ्याच अंशी खात होत्या. मी त्यातली एक दुरुस्त केली आणि मॉडेल सत्यापासून दूर गेलं, फक्त दुसऱ्या बाजूला.

मावशी डिसेंबरात लीड्सला गेली होती. वय अठ्ठ्याहत्तर. तिला दिली होती तीच मागची खोली, कारण तिथून बाथरूम जवळ. जानेवारीत थंडी पडली आणि खोली १९ च्या वर जाईना. रात्रभर पंप चालू, रेडिएटरला हात लावला तर कोमट. मावशीचा मला फोन: "अरे, तुझ्या कॉम्प्युटरला थंडी वाजत नाही रे." एवढंच म्हणाली. पुढे माझ्या जेवणाची चौकशी केली. त्याने जास्त लागलं.

१९ म्हणजे काही गोठून जाण्यासारखं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या घरांविषयीच्या सूचनांत थंड हवामानासाठी आत किमान १८ सांगितले आहेत, पण म्हातारी माणसं, लहान मुलं आणि आजारी यांना त्याहून जास्त लागू शकतात असंही तिथेच आहे. आणि आपण तंजावूरच्या बाईबद्दल बोलतोय, जिचं आयुष्य तीस अंशांच्या वर गेलं.

त्या रात्री मी वही काढली. खोलीतून जाणारी उष्णता एका बाजूला, रेडिएटरची १.३ घाताने दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही कुठे सारख्या होतात ते शोधलं. खोली १९ अंश धरा: बाहेरचा फरक एकवीस, गुणिले सव्वीस, ५४६ वॉट जातात. रेडिएटर आणि खोली यांत फरक तेवीस, पन्नासच्या सेहेचाळीस टक्के, १.३ चा घात, ३६.४ टक्के, म्हणजे ५४६ किंवा ५४७ वॉट येतात. बरोबर १९. पेन्सिलीने दहा मिनिटं. मावशीच्या उशाशी ठेवलेल्या साध्या थर्मामीटरचा आकडा माझ्या वहीत निघाला, कॉम्प्युटरमध्ये नव्हता.

आणखी एक गोष्ट त्या हिशेबात दिसते, ती मला आवडते म्हणून सांगतो. रेडिएटर वीस टक्के कमी पडला म्हणून खोली वीस टक्के थंड होत नाही. खोली थंड होऊ लागली की बाहेर जाणारी उष्णता कमी होते, आणि रेडिएटरशी फरक वाढून येणारी वाढते. दोघं मधे कुठेतरी भेटतात. म्हणून १९ ला थांबली, १५ ला गेली नाही.

मग मॉडेलात करायचं काय? काही सॉफ्टवेअरं घातांक सरळ विचारतात. स्वीडनचं आयडीए आयसीई त्यांतलं एक. एनर्जीप्लसच वापरायचं असेल तर एक साधी युक्ती आहे: कॅटलॉगची स्थिती त्याला देऊच नका. ज्या पाण्यावर रेडिएटर प्रत्यक्षात चालणार त्या पाण्याची क्षमता आधी हाताने काढा आणि ती द्या. आपल्या उदाहरणात पाण्याची सरासरी ४२, प्रोग्रामची हवा १८, फरक चोवीस. चोवीसला १.३ च्या घाताने ३८.५ टक्के, ५७८ वॉट. तर तापमानाच्या रकान्यात ४२, क्षमतेच्या रकान्यात ५७८, आणि प्रवाह पंपाचा खरा. एवढं केलं की मॉडेल म्हणतं, खोली १९.२. मावशीच्या थर्मामीटरला हे चालेल. रेषा सरळच आहे, पण ती आता वक्राला योग्य जागी चिकटली आहे. बॉयलर ७५ वर आणि हीट पंप ४५ वर अशी तुलना करायची असेल तर मात्र दोन्हींसाठी वेगळे आकडे द्यायचे. एकच रेडिएटर म्हणून एकच ओळ कॉपी केली की पुन्हा फसलात.

प्रारणाच्या रकान्यांबद्दल थोडक्यात सांगतो. प्रारणाचा वाटा दिल्यावर तो कुठे जातो हेही लिहावं लागतं: इतका माणसांवर, इतका या भिंतीवर, इतका त्या, सगळ्यांची बेरीज एक. रेडिएटरच्या पाठीमागे बाहेरची भिंत असेल तर तिलाही तिचा भाग द्या, कारण तिथून तो बाहेरच जातो. आणि थर्मोस्टॅट नुसत्या हवेचं तापमान बघतो की भिंतींचंही, हे ठरवून घ्या. आमच्या स्लॅबखालच्या खोलीत एसी २६ दाखवतो आणि तरी घाम येतो, ते याच रकान्याचं दुखणं आहे.

इथे लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात: मग याच पाट्यांतून थंड पाणी सोडलं तर? सोडता येतं. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसच्या २०११ च्या इमारतीत एका अर्ध्या भागात नेहमीचा एसी आणि दुसऱ्या अर्ध्यात स्लॅबमध्ये पुरलेल्या नळ्यांतून थंड पाणी, असं मुद्दाम करून पाहिलं. नळ्यांच्या भागाला साधारण एक तृतीयांश वीज कमी लागली. पण आमच्याकडच्या हवेत ओल इतकी, की बऱ्याच दिवशी चोवीस-पंचवीस अंशांच्या पृष्ठभागावरही दव जमतं. पाणी त्याहून थंड केलं की छत टपकू लागणार. हवेची ओल आधी काढल्याशिवाय तंजावूरला ते जमणार नाही. आणि पाणी दवाच्या वर ठेवलं, तर खोलीशी फरक उरतो चार-पाच अंशांचा. एवढ्या फरकाला किती उष्णता खेचली जाते, ते वरच्या आकड्यांवरून काढून बघा.

तर बहिणीचं घर. नऊही खोल्यांचा हिशेब पुन्हा, एक एक, वहीत. आठ रेडिएटर पुरत होते. जुन्या मालकाने गॅसच्या काळात गरजेपेक्षा मोठे लावले होते. कमी पडत होता तो मागच्या बेडरूमचा एकटा. ५९८ वॉट एकवीसच्या फरकाला हवे, तर कॅटलॉगमध्ये ५९८ भागिले ०.३२४, साधारण १८५० वॉटचा लागणार. तो येईपर्यंत मी पंपाचं पाणी कडक थंडीच्या दिवसांत ५० करायला सांगितलं. सरासरी ४६, २१ च्या खोलीशी फरक पंचवीस, ६०९ वॉट. ५९८ ची गरज भागते. वीज त्या दिवसांपुरती दहा-बारा टक्के जास्त. खोली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी २१ ला आली.

नवा रेडिएटर मार्चमध्ये लागला. जुन्यापेक्षा वीतभर लांब, म्हणून खिडकीखालचं मावशीचं देवांचं टेबल सरकवावं लागलं. बहिणीला मी दोन्ही फोनांबद्दल सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "अण्णा, नऊ सांगितलेस, मग शून्य, निघाला एक. सरासरी तरी काढायचीस."

मावशी एप्रिलमध्ये परत आली. आता गच्चीखालच्या खोलीत झोप येत नाही म्हणून गच्चीला चुना मारून घ्यायचा म्हणते, आणि त्याने किती फरक पडेल ते मला विचारते. मी सांगितलंय, या वेळी आधी छताला थर्मामीटर लावू, मग कॉम्प्युटर उघडू.